कांगोहून येणारा भाऊ आणि सोसायटीचा ग्रुप

प्रश्न (खारघरहून): माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून कांगोमध्ये लुबुम्बाशीला एका खाण कंपनीत कामाला आहे. या महिनाअखेरीला तो सुट्टीवर येतोय. आधी अदिस अबाबा, मग दिल्ली, आणि तिथून आपल्या नव्या विमानतळावर. सोसायटीच्या ग्रुपवर 'कांगोत जीवघेणा विषाणू, आता विमानातून भारतात' असा मेसेज फिरतोय. कमिटी म्हणते, त्याला एकवीस दिवस बाहेर कुठेतरी ठेवा, मग घरी आणा. घरात ७८ वर्षांची आई आहे. विमानाच्या एसीतून असा विषाणू सगळ्यांना लागतो का? त्याला आणायला जाऊ की नको? बॅगांवर सॅनिटायझर मारायचं का?

उत्तर:

ताई, आणायला जरूर जा. बाकीचं सविस्तर सांगते.

तुमच्या ग्रुपवरचा मेसेज मी पाहिलेला नाही, पण तो कशावरून निघाला असेल ते ओळखते. कांगोच्या कसाई प्रांतात ४ सप्टेंबर २०२५ ला इबोलाची साथ जाहीर झाली. एकूण ६४ रुग्ण, त्यांतले ४५ दगावले. आकडा भयंकर आहे, त्यात वाद नाही. पण शेवटचा रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर ४२ दिवस वाट पाहिली गेली आणि १ डिसेंबरला ती साथ संपल्याचं जाहीर झालं. ४२ का, तर इबोलाची लक्षणं दिसायला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात, त्याच्या दुप्पट. आपल्या फोनवरच्या मेसेजांवर तारीख नसते, त्यामुळे साथ संपली तरी मेसेज फिरतच राहतो.

दुसरं, नकाशा बघा. कांगो हा देश क्षेत्रफळाने भारताच्या जवळजवळ सत्तर टक्के आहे. साथ होती त्या भागापासून लुबुम्बाशी सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. हैदराबादला रुग्ण सापडला म्हणून पनवेलहून गेलेल्या माणसाला कुणी दारात अडवलं तर तुम्ही काय म्हणाल? आपण 'आफ्रिका' म्हणतो तेव्हा तो एखादा तालुका असावा तसं बोलतो.

आता विमानाबद्दल. मी गेली अठ्ठावीस वर्षं नेरूळला फिजिशियन म्हणून काम करते आणि २०१४ मध्ये, पश्चिम आफ्रिकेत इबोला पेटला होता तेव्हा, काही महिने विमानतळावरच्या तपासणी पथकात होते. त्या दिवसांत सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता, एसीचा. लोकांच्या डोळ्यांसमोर असं चित्र असतं की पुढच्या रांगेत कुणी खोकलं की ती हवा पाइपातून फिरून शेवटच्या रांगेपर्यंत येते. प्रत्यक्षात मोठ्या प्रवासी विमानात हवा छतातून खाली येते आणि त्याच रांगेच्या आसपास, पायापाशी बाहेर ओढली जाते. लांबीच्या दिशेने ती फारशी वाहत नाही. साधारण निम्मी हवा बाहेरची ताजी, उरलेली हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून, गाळून परत सोडलेली. तासाला वीस ते तीस वेळा केबिनमधली हवा बदलते. तुमच्या-माझ्या दिवाणखान्यात, खिडक्या लावून पंखा फिरवला तर, याच्या आसपासही हवा बदलत नाही. सकाळी आठच्या पनवेल लोकलमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सीएसएमटीपर्यंत जाणारे आपण विमानाच्या हवेला घाबरतो, याची मला दर वेळी गंमत वाटते.

पण 'विमानात काहीच होत नाही' असंही मी सांगणार नाही, कारण झालेलं आहे. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे तीन तास जमिनीवर उभं राहिलं. आत ५४ माणसं, त्यांतल्या एकीला फ्लू, आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या फ्लाइटमध्ये एका आजारी वृद्ध गृहस्थांपासून २२ जणांना लागण झाली असं मानलं जातं. त्यांतले काही तर सात रांगा दूर बसले होते. त्याच तपासात आणखी दोन विमानं होती. एकात सार्सची लक्षणं असलेले चौघे होते, तरी फार तर एकाला लागण झाली. दुसऱ्यात रुग्णाला अजून लक्षणं नव्हती, तिथे कुणालाच नाही. म्हणजे कोणता विषाणू, माणूस आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, यंत्रणा चालू आहे की बंद, हे सगळं मोजावं लागतं. विमान जमिनीवर ताटकळत असेल आणि वरची हवा बंद असेल, तर मी स्वतः मास्क लावते. उडाल्यावर डोक्यावरचं हवेचं तोंड उघडं ठेवते.

इबोलाचा हिशोब मात्र निराळा आहे. तो फ्लूसारखा किंवा सार्ससारखा श्वासावाटे पसरत नाही. आजारी माणसाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम यांचा थेट स्पर्श लागतो, आणि लक्षणं सुरू होण्याआधी माणसापासून तो पसरत नाही. म्हणूनच तो आई, बायको, नर्स आणि प्रेताला आंघोळ घालणारे यांना गाठतो. जो विषाणू माणसाला इतक्या वेगाने आडवा करतो तो गर्दीत हिंडायला माणूसच शिल्लक ठेवत नाही. कोविड जगभर पसरला तो बऱ्याच लोकांना धड आजारी न पाडता. मेसेजमधल्या 'जीवघेणा' या शब्दाने लोक दचकतात. मी दचकते ते 'सौम्य लक्षणं' वाचल्यावर.

२० जुलै २०१४ ला लायबेरियाहून एक माणूस विमानाने नायजेरियातल्या लागोसला आला. तो तापलेला होता, प्रवासात उलट्या होत होत्या, विमानतळावरच कोसळला. यापेक्षा वाईट प्रसंग रचून सांगता येणार नाही. लागोस म्हणजे मुंबईच्याच तोडीचं गच्च भरलेलं शहर. पुढे नायजेरियात एकूण २० रुग्ण झाले आणि ८ मृत्यू. त्या विमानातला एकही सहप्रवासी आजारी पडला नाही. आजारी पडले ते त्याला हात देणारे, दवाखान्यात त्याची सेवा करणारे, आणि त्यांच्या संपर्कातले. डॉक्टर अमेयो अदादेवो यांनी त्याला रुग्णालयातून सोडायला ठाम नकार दिला, वरून दबाव असतानाही. त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. मग ८९४ संपर्कांचा माग काढला गेला, माणसं घरोघरी जाऊन ताप मोजत राहिली, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

या गोष्टीतला जो भाग तुमच्या कमिटीने ऐकावा असं मला वाटतं तो वेगळाच आहे. त्या ८९४ जणांतला एकजण घाबरून देखरेखीतून निसटला आणि पोर्ट हारकोर्ट नावाच्या दुसऱ्या शहरात गेला. तिथे त्याने एका डॉक्टरला गाठून हॉटेलच्या खोलीत गुपचूप उपचार घेतले. तो माणूस वाचला. तो डॉक्टर मेला, आणि साथ दुसऱ्या शहरात पोचली. विमानातल्या उलटीने जे झालं नव्हतं ते त्या लपण्याने झालं.

असंच दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स या श्वसनाच्या आजाराचं झालं. एक गृहस्थ आखातातून विमानाने परतले तेव्हा त्यांना ताप नव्हता, विमानतळावर पकडायला काहीच नव्हतं. पुढे ते एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहिले आणि गर्दीच्या वॉर्डांमधून, इमर्जन्सी विभागांमधून १८६ रुग्ण झाले, ३८ दगावले. केरळात कोझिकोडला २०१८ मध्ये निपा विषाणू पसरला तोही मुख्यतः रुग्णालयात. आपल्याकडचं आठवा. मार्च २०२० मध्ये पुण्याचं जोडपं दुबईहून मुंबईत उतरलं आणि राज्यातले पहिले कोविड रुग्ण ठरलं. दुसऱ्या दिवशी जे पॉझिटिव्ह आले त्यांत त्यांना मुंबईहून पुण्याला नेणारा टॅक्सीवाला होता. बंद काचांची गाडी, एसी आणि चार तास. आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत सापडला. केपटाऊनहून दुबई, दिल्ली आणि मुंबई अशी विमानं बदलत तो आला होता. त्याच्या दिल्ली-मुंबई विमानातल्या ज्या २५ सहप्रवाशांची तपासणी झाली ते सगळे निगेटिव्ह निघाले.

तपासणीच्या पथकात असताना आम्ही थर्मल स्कॅनर घेऊन उभे असायचो. खरं सांगते, त्या यंत्राने आम्हाला फारसं काही दिलं नाही. लक्षणं दिसायच्या आधीच्या काळात माणूस अगदी ठणठणीत असतो, आणि ज्याला ताप असतो त्याने उतरण्याआधी पॅरासिटामॉल घेतलेली असते. दिलं ते त्या साध्या फॉर्मने आणि समोर बसून विचारलेल्या दोन प्रश्नांनी. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून एक भारतीय तरुण दिल्लीत उतरला. तो तिथे इबोलातून बरा झाला होता आणि तसं प्रमाणपत्र त्याच्यापाशी होतं. रक्तात विषाणू नव्हता, पण वीर्याच्या तपासणीत अंश सापडले, म्हणून त्याला वेगळं ठेवलं गेलं. बरं झाल्यावरही विषाणू तिथे काही महिने टिकतो. त्याने कागद न दाखवता बाहेर पडायचं ठरवलं असतं तर कुठल्याही स्कॅनरने त्याला पकडलं नसतं. माणूस खरं बोलला की यंत्रणा चालते, आणि खरं बोलल्यावर घराबाहेर काढणार असतील तर कोण बोलेल?

एक जुनी आठवण. सप्टेंबर १९९४, सुरतेत प्लेग. मी तेव्हा मुंबईत एमडी करत होते. सुरतहून माणसं गाड्या भरभरून इकडे येत होती आणि मुंबईतल्या केमिस्टकडे टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पाकिटं संपली होती. आखाती देशांनी भारतातली विमानं थांबवली. परदेशी विमानतळांवर भारतीय पासपोर्ट दिसला की माणसाला बाजूला उभं करत होते, मग तो सुरतचा असो की सावंतवाडीचा. त्या वेळी आपल्याला जे वाटलं होतं तेच आज तुमच्या भावाला वाटत असणार.

आता ज्या गोष्टीची तुमच्या ग्रुपवर कुणालाच भीती वाटत नाही आणि मला खरोखर वाटते, ती सांगते. मलेरिया.

कांगो हा जगातल्या सर्वांत जास्त मलेरिया असलेल्या देशांपैकी एक. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर आणि किडनीवर जाणारा. तिथून आलेल्या माणसाला ताप आला तर तो मलेरिया असण्याची शक्यता इबोलापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. त्याची कार्डवरची तपासणी अर्ध्या तासात होते, काचपट्टीवरची त्याच दिवशी, आणि औषध वेळेत मिळालं तर माणूस आठवड्यात कामाला लागतो. दोन-तीन दिवस गेले तर मरू शकतो. एवढा सरळ हिशोब आहे.

२०१४ च्या शेवटी माझ्याकडे कोपरखैरण्याचा एक मुलगा आणला गेला. तिशीही नव्हती. पश्चिम आफ्रिकेतून येऊन नऊ दिवस झाले होते. ताप आल्यावर घरच्यांनी शेजाऱ्यांच्या भीतीने त्याला आतल्या खोलीत ठेवलं, खिडक्या लावून, दोन दिवस क्रोसिनवर. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात नेलं. 'आफ्रिका' शब्द ऐकताच तिथे बेड नाही असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरच हात वर केले. तिसऱ्या ठिकाणी वडिलांनी प्रवासाचं लपवलं, मग टायफॉइड समजून सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. हे त्यांचं चुकलं, पण दोन दारांतून हाकललेल्या बापाला मी काय बोलणार? चौथ्या रात्री माझ्यापुढे आला तेव्हा डोळे पिवळे, लघवी कोकमाच्या आगळासारखी, हाक मारली तर उशिरा वळायचा. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली तर परजीवी मोजायची गरजच नव्हती, प्रत्येक क्षेत्रात खच पडला होता. आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाची इंजेक्शनं लगेच सुरू केली, डायलिसिस करावं लागलं, अकरा दिवस आयसीयूत राहिला. वाचला. आता तो दोन मुलांचा बाप आहे, गणपतीत पेढे घेऊन येतो. पण त्याला जे झालं त्याला मी मलेरिया इतकंच म्हणत नाही. इबोलाची भीती त्याचं होत्याचं नव्हतं करणार होती, विषाणू शरीरात नसताना.

म्हणून तुमच्या भावासाठी माझी खरी सूचना ही: परत आल्यापासून तीन महिने, कधीही ताप आला, मग तो ९९ असला तरी, त्याच दिवशी तपासणी. 'उद्या बघू' नाही. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी अमुक तारखेला कांगोहून आलोय, मलेरियाचं बघा. आमच्या ओपीडीत गर्दीमुळे प्रवासाचं विचारायचं राहून जातं, ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका इबोलाच्या रुग्णाने आफ्रिकेहून आल्याचं सांगूनही त्याला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं होतं, तेव्हा आपण एकटेच चुकतो असंही नाही. भावाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, त्यावर देश, शहर आणि परतल्याची तारीख. शुद्ध हरपलेला माणूस बोलत नाही, चिठ्ठी बोलते. एकदा तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करून घ्यायची.

इबोलाच्या दृष्टीने त्याला निघण्याआधी फोनवर विचारा: गेल्या तीन आठवड्यांत एखाद्या अचानक आजारी पडलेल्या माणसाची सेवा केली का, कुणाच्या अंत्यविधीत प्रेताला हात लावला का, साथीच्या भागात गेला होता का? तिन्हींना 'नाही' असेल तर त्याला वेगळं ठेवण्याचं वैद्यकीय कारण नाही. एखाद्याला 'हो' असेल तर त्याने दिल्लीत उतरल्यावर विमानतळाच्या आरोग्य कक्षात ते स्वतःहून सांगावं, आणि घरी आल्यावर २१ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहावा. अशा वेळी ताप आलाच तर रिक्षा करून दवाखान्यात धावायचं नाही. आधी फोन करायचा. खारघर पनवेल महापालिकेत येतं, नवी मुंबई महापालिकेत नव्हे. २०२० मध्ये चुकीच्या महापालिकेला फोन लावून तासन्‌तास घालवलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून सांगते. नंबर आजच लिहून ठेवा.

त्याला यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवायला सांगा, सामानाच्या बॅगेत नको. हे कार्ड नसेल तर कांगोहून आलेल्या माणसाला विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा सरकारला अधिकार आहे आणि तो वापरला जातो. भारतात यलो फीव्हर आजवर पसरलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यूवाला तोच. त्यामुळे आरोग्य खातं या एका बाबतीत कुणाचं ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कमिटीबद्दल. माणसाला विलगीकरणात ठेवण्याचा आदेश सरकारी आरोग्य यंत्रणा देऊ शकते. त्यासाठी १८९७ चा साथरोग कायदा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला तसा अधिकार नाही. पण कायदा दाखवून भांडू नका, उद्या लिफ्टमध्ये त्यांच्याच बरोबर उभं राहायचंय. सेक्रेटरींना माझं हे उत्तर वाचायला द्या. त्यांना काही विचारायचं असेल तर रविवारी सकाळी मला फोन करू दे, मी त्यांच्याशी बोलेन. त्यांची भीती खोटी नाही, त्यांनीही २०२० पाहिलंय.

आईंना विमानतळावर नेऊ नका, त्याला विषाणूचं कारण नाही. फ्लाइट उशिरा आली तर त्यांना तिष्ठत बसावं लागेल एवढंच. प्रवासाने त्याला सर्दी-खोकला झाला असेल तर पहिले चार-पाच दिवस आईंजवळ बसताना मास्क लावू दे, गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. तो साध्या फ्लूसाठी. ७८ व्या वर्षी साधा फ्लूही हलका नसतो. आईंनी फ्लूची लस घेतली नसेल तर या निमित्ताने घ्या.

बॅगांवर सॅनिटायझर मारू नका, कातडं खराब होईल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा कमिटीला काही करायचंच असेल तर गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं घट्ट बसवून घ्या, गॅलऱ्यांमधल्या कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करायला लावा आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या साचलेल्या पाण्याबद्दल वॉर्डात तक्रार द्या. कुणाच्याही रक्तात परजीवी असला तरी तो पुढे न्यायला डास लागतो, आणि तो डास सहसा विमानाने येत नाही, तुमच्याच टाकीत वाढतो.